पाठीवरचा बर्फ

पार उत्तरेच्या टोकाला, पास्विकच्या खोऱ्यात कुणाला कुत्रा घ्यायचा असला की तो आधी ओत्तार ब्येर्केंगच्या दारात यायचा. ओत्तार काही जनावरांचा डॉक्टर नव्हता. एकतीस वर्षं त्याने सरकारी गाडीवर बसून रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलला, एवढीच त्याची नोकरी. पण घरामागच्या आवारात त्याच्याकडे कधी आठ, तर कधी अठरा कुत्री असत, आणि थंडी आणि कुत्रा या विषयावर त्याच्यासमोर तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. पाद्रीबुवा त्याच्याशी देवावर वाद घालत, कुत्र्यावर नाही.

त्याचं शास्त्र त्याला तोंडपाठ होतं. पाहुणा बूट काढतोय तोवर ते सुरू व्हायचं.

"ग्रीनलंडी कुत्रा म्हणजे दोन कोट घातलेला माणूस. वर राठ केस, आत लोकर. उणे चाळीसमध्ये शेपटी नाकावर घेतो आणि घोरतो. रेनडियर राखणारा लाप कुत्रा अंगाने लहान, पण त्याची लोकर अशी की पाणी आत शिरायला वाट विचारतं. हस्कीची लोकर त्या मानाने पातळ, पण तिच्या पोटात भट्टी आहे. चरबी घाल, धावव, मग तिला थंडीची फिकीर नाही."

"आणि पॉइंटर?" कुणीतरी मुद्दाम विचारायचंच.

"पॉइंटर कुत्रा नव्हे. पॉइंटर पाहुणा आहे."

हा टोमणा बिर्गरला असे. बिर्गर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, तिकडे दक्षिणेला त्रोनहाइममध्ये दातांचा डॉक्टर. त्याच्याकडे प्रिक नावाचा आखूड केसांचा, ठिपक्यांचा पॉइंटर होता. हिवाळ्यात बिर्गर आला की प्रिकच्या अंगात रजईचा कोट, पोटाखाली लोकरीचा पट्टा आणि चारी पायांत मोजे. ओत्तार ते बघून दाराच्या चौकटीला टेकायचा आणि म्हणायचा, "मफलर विसरलास की रे याचा."

बिर्गर रागवायचा नाही. "भाऊजी, माझ्याकडे तुमच्यासारखं शास्त्र नाही. मी कुत्र्यालाच विचारतो. तो थरथरला की आणखी एक कपडा चढवतो. झालं."

"कुत्र्याला विचारतो म्हणे!" ओत्तार साऱ्या गावाला ही गोष्ट हसून सांगायचा.

त्याला कुत्र्याला काही विचारावं लागत नसे. त्याच्याकडे त्याची परीक्षा होती, आणि ती खोऱ्यात सगळ्यांनी उचलली होती. सकाळी उठायचं, स्वयंपाकघराच्या खिडकीची वाफ बाहीने पुसायची आणि आवारातल्या कुत्र्यांच्या पाठी बघायच्या. पाठीवरचा बर्फ कोरडा, भुरभुरीत, जसा पडला तसाच असेल तर कुत्रा उत्तम, त्याची ऊब त्याच्या आतच आहे. बर्फ वितळून पाठ ओली झाली असेल तर ऊब बाहेर गळतेय. छपराचं तेच असतं. ज्याच्या छपरावर बर्फ टिकतो त्याचं घर गरम. ही परीक्षा ओत्तारला त्याच्या बापाने शिकवली होती आणि उभ्या आयुष्यात ती कधी चुकली नव्हती.

दुसरा नियमही बापाचाच. कुत्रा उंबरा ओलांडत नाही. शेगडीची सवय लागली की लोकर येत नाही, आणि लोकर नसलेला कुत्रा या खोऱ्यात कामाचा नाही. योर्दिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, सदतीस वर्षं हा नियम पाळला. आवडला म्हणून नव्हे. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर मोठी पातेली उचलून आल्यावर नवऱ्याशी भांडायला तिच्यात त्राण नसे, इतकंच. तुस्सा नावाची हस्की पिल्लू असताना मरायला टेकली होती, तेव्हा योर्दिस तीन आठवडे लाकडांच्या शेडमध्ये गोधडी टाकून झोपली आणि बाटलीने तिला दूध पाजत राहिली. घरात आणलं नाही. नियम तो नियम. ते पिल्लू जगलं आणि पुढे आठ हिवाळे ओत्तारच्या स्लेजला सगळ्यांत पुढे धावलं. पण ओत्तारने कितीही मांस घातलं तरी तुस्साची मान वळायची ती योर्दिसच्या पावलांकडे.

मग एका ऑगस्टमध्ये योर्दिस शहरातल्या इस्पितळातून परत आली ती आता औषध नाही असं ऐकूनच. पुढच्या खोलीत शेगडीजवळ तिची खाट लावली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ओत्तार, तुस्सा मला इथे हवी."

"कुत्र्याची जागा बाहेर असते."

"माझी पण जागा लवकरच बाहेर आहे. तोवर आम्ही दोघी आत राहतो."

ओत्तार उठला. त्याने जाऊन साखळी सोडली. तुस्सा उंबऱ्याशी येऊन थांबली. अकरा वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल पडलं नव्हतं, आणि ती ओत्तारच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी योर्दिसने आतून हाक मारली तेव्हा ती कान पाडून, भिंतीला घासत, चोरासारखी आत गेली आणि खाटेखाली शिरली. तिथून ती सहा महिने हलली नाही म्हटलं तरी चालेल.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. आवारात उरलेल्या तीन ग्रीनलंडी कुत्र्यांच्या अंगावर लोकर फुगली, त्यांच्या माना दिसेनाशा झाल्या. तुस्साच्या अंगावर काहीच आलं नाही. खोलीत रात्रंदिवस शेगडी आणि दिवा. ना गारठा लागायचा, ना दिवस आखूड झालेला कळायचा. मग अंगाने कशासाठी लोकर धरावी? उलट होती तीही झडून सतरंजीवर यायची, आणि ओत्तार ती केरसुणीने गोळा करून शेगडीत टाकायचा.

नाताळच्या आसपास एका दुपारी योर्दिसचा हात खाटेवरून खाली लोंबत होता आणि बोटं तुस्साच्या पाठीत होती.

"ओत्तार, हिला यंदा लोकर आलीच नाही रे. बोट थेट कातडीला लागतंय."

"शेगडीजवळ कशी येईल? मी बोललो होतो."

"बोलला होतास. म्हणूनच सांगते. मी गेल्यावर हिला लगेच बाहेर काढू नकोस. उन्हाळ्यात काढ. पुढच्या शरदात येईल तिची लोकर."

"कुत्र्यांचं तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. वचन मागते."

"बरं, दिलं," ओत्तार म्हणाला आणि लाकडं आणायला गेला. दूध संपलंय, घेऊन ये, असं कुणी सांगितल्यावर जसं 'बरं' म्हणावं, तसं म्हणाला तो. पुढे त्याला हे 'बरं' फार आठवायचं.

म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पुढे जी चूक घडली ती खोऱ्यातल्या दुसऱ्या कुणाकडून झाली असती तर ती अडाणीपणात जमा झाली असती आणि ओत्तारनेच त्याला फैलावर घेतलं असतं. पण पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ते उगाच नाही.

योर्दिस फेब्रुवारीच्या सहा तारखेला, सकाळी कॉफीच्या वेळी गेली. दफन पुढच्या आठवड्यात ठरलं, कारण जमीन दगडासारखी होती आणि कबरीच्या जागेवर दोन दिवस निखारे ठेवून ती मऊ करावी लागणार होती. ते आठ दिवस तुस्साने जवळजवळ काही खाल्लं नाही. रिकाम्या खाटेखाली पडून राहायची. ओत्तार पातेल्यातलं मांस तिच्या नाकाशी धरायचा, ती शिष्टाचार म्हणून एकदा चाटायची आणि तोंड फिरवायची. त्याचंही जेवण तसंच चाललं होतं, त्यामुळे त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दफनाच्या आदल्या दिवशी त्रोम्सोहून मुलगी आली, तोरुन. संध्याकाळी बिर्गर आला, आणि बिर्गरबरोबर अर्थातच प्रिक, कोट-मोज्यांसकट. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणी केक, लेफ्से म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या आणि मांसाच्या सूपची भांडी घेऊन आल्या. चर्चमधून सगळे परत कॉफीला घरीच येणार होते, चाळीसेक माणसं. त्या गडबडीत प्रिक हुंगत हुंगत योर्दिसच्या खाटेखाली गेला आणि तुस्साने त्याच्या कानाचा लचका तोडला. टेबल हललं, कपबश्या खाली आल्या. दोघांपैकी एकाला घराबाहेर काढणं भाग होतं.

"मी प्रिकला गाडीत ठेवतो," बिर्गर म्हणाला.

"गाडीत? तासाभरात काडीसारखा कडक होईल तो," ओत्तार म्हणाला. गळ्यातल्या काळ्या टायची गाठ त्याला तिसऱ्यांदा जमत नव्हती. अशी गाठ नेहमी योर्दिस मारायची. "तो आत राहील. तुस्सा बाहेर जाईल."

"बाबा, नको," तोरुन म्हणाली. "वरच्या खोलीत कोंडू तिला."

"वर पाहुण्यांचे कोट ठेवायचेत. आणि ती ओरडून घर डोक्यावर घेईल. अगं, ती हस्की आहे! अकरा वर्षं बाहेर झोपलीय ती. उणे चौदा आहे आज, तिला हा उन्हाळा."

"आई म्हणाली होती..."

"दोन तासांचा प्रश्न आहे, तोरुन!"

तो असा ओरडल्यावर तोरुन कपबश्यांचे तुकडे उचलायला वाकली. खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, ती त्याने पुढे फक्त स्वतःशीच कबूल केली. चाळीस माणसं येणार होती. त्यातल्या निम्म्यांना त्याने कधी ना कधी सुनावलं होतं की कुत्रा घरात घेणारा माणूस कुत्र्याचा मालक नव्हे, नोकर. आणि त्यांना आज त्याच्या घरात, शेगडीपाशी सतरंजीवर, हस्की दिसली असती. बायकोच्या दफनाच्या दिवशी माणसाच्या डोक्यात हेही येतं. लाज वाटावी असंच आहे, पण येतं.

त्याने तुस्साला तिच्या जुन्या खोपट्याशी नेऊन बांधलं. आतला पेंढा मागच्या वर्षीचा, दबून घट्ट झालेला. त्याने तो बुटाने जरा मोकळा केला. तुस्सा आत गेली नाही. खोपट्यासमोर, घराच्या मागच्या दाराकडे तोंड करून बसली.

"आलोच," तो म्हणाला.

चर्चमध्ये असताना वारा सुटला. कबरीशी उभे होते तेव्हा बर्फ आडवा येत होता आणि पाद्रीबुवांच्या पुस्तकाची पानं फडफडत होती. ओत्तार शवपेटीकडे बघत होता. तुस्सा त्याच्या मनातसुद्धा नव्हती. दोन तासांचे चार तास झाले. घरी परत आले ते सगळे पुढच्या दाराने, टोप्या झटकत, हात चोळत, आणि मागचं आवार मागेच राहिलं.

कॉफी झाली, सूप झालं, माणसांना जरा बोलावंसं वाटू लागलं. अशा वेळी कुणीतरी हलकं बोलतंच, नाहीतर दुःख उचलवत नाही. शेजारचा आग्नार, ज्याला ओत्तारने आयुष्यभर छळलं होतं, कप हातात घेऊन म्हणाला, "काय ओत्तार, तुझी राणी हल्ली घरात झोपते म्हणे? आम्हाला शास्त्र सांगायचं आणि आपण मात्र..."

त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण ओत्तार ताडकन उठला. स्वयंपाकघरात गेला, खिडकीची वाफ बाहीने पुसली.

"ये. ये इकडे, बघ तुझ्या डोळ्यांनी. घरात झोपते? सकाळपासून बाहेर आहे. पाठ बघ तिची!"

बर्फ नुकताच थांबला होता, उजेड अजून होता. तिन्ही ग्रीनलंडी वेटोळी करून पडले होते आणि त्यांच्या पलीकडे तुस्सा, शेपटी नाकावर, आणि पाठीवर बोटभर बर्फ, पांढरा, कोरडा, एक थेंब वितळलेला नाही.

"सहा महिने शेगडीपाशी लोळूनसुद्धा!" ओत्तार म्हणाला. त्याचा आवाज आठवड्यात पहिल्यांदा मोकळा झाला होता. "लोकर असो नसो, ही रक्तातली गोष्ट आहे. योर्दिस उगाच काळजी करायची. असती तर दाखवलं असतं तिला."

"मानलं बुवा," आग्नार म्हणाला.

बिर्गर मागे उभा राहून बघत होता. "भाऊजी, मी मघाशी इथे कप ठेवायला आलो, खिडकीतून बघितलं, तेव्हाही ती अशीच होती. हललेली दिसत नाही."

"गाढ झोपलीय. तुझ्या पाहुण्यासारखी दर मिनिटाला कूस बदलत नाही ती."

दोघं-चौघं हसले. ओत्तार परत जाऊन बसला, आणखी एक कप कॉफी घेतली आणि केकचा तुकडा खाल्ला. आठ दिवसांत त्याने चवीने खाल्लेलं ते पहिलंच.

आभाळ मोकळं झालं तशी थंडी आणखी वाढली. चारच्या सुमारास, निळसर उजेडात, शेवटची गाडी गेली तेव्हा काटा उणे सत्तावीसवर होता. ओत्तारने उरलेलं सूप वाडग्यात ओतलं, त्यात मांसाचे मोठे तुकडे घातले. आज खाईल, त्याला वाटलं. मागच्या दारातून त्याने हाक मारली. तिन्ही ग्रीनलंडी उठले, अंग झटकलं, सगळीकडे बर्फ उडाला. तुस्सा उठली नाही.

त्याने वाडगा खाली ठेवला. हातमोजा काढला आणि तिच्या पाठीत हात घातला. वर कोरडा बर्फ होता. त्याखाली बोटं अडली. केसांना धरून काचेसारखा कडक थर होता, मानेपासून शेपटीपर्यंत.

त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका हाताने त्याला सबंध दिवस कळला. सकाळी पडलेला बर्फ तिच्या पाठीवर वितळला होता. बराच वेळ वितळत राहिला होता, म्हणजे तिची ऊब गळत होती, आणि बघायला कुणी नव्हतं. मग ते पाणी गोठलं. आणि मग वर जो बर्फ पडला, तो कोरडा राहिला, कारण खाली त्याला वितळवणारं काही उरलं नव्हतं.

तोरुन धावत बाहेर आली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता आणि बोटांनी तो थर मोडत होता, तुकडा तुकडा, केस न ओढता, जसं जिवंत कुत्र्याचं काढतात तसं. नखांतून रक्त येत होतं. मागोमाग बिर्गर आला. हातातला प्रिकचा रजईचा कोट त्याने तुस्सावर घातला. ओत्तारने तो काढला नाही. कडा नीट खोचल्या.

"तुझा दोष नाही, बाबा," तोरुन रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "म्हातारी होती ती. खात नव्हती. आईच्या मागोमाग जाणारच होती."

ओत्तारने ताट बाजूला सारलं. "मी खिडकीतून दाखवली ना सगळ्यांना, तेव्हा ती गेली होती की नव्हती, ते मला माहीत नाही. कदाचित थोडीशी होती अजून. बिर्गर म्हणाला हलत नाही. दार तिथून सात पावलांवर आहे, तोरुन. आणि मी केक खाल्ला."

तोरुनने उठून ताटं उचलली.

जमीन मऊ होईपर्यंत तुस्सा लाकडांच्या शेडमध्ये राहिली, जिथे पिल्लू असताना ती बाटलीने दूध पीत असे. मे महिन्यात त्याने तिला आवारामागच्या पाइनखाली पुरलं. कोट परत पाठवायचं राहूनच गेलं, आणि बिर्गरनेही मागितला नाही.

ओत्तारकडे अजून माणसं येतात. मागच्या हिवाळ्यात शाळेतल्या नव्या बाई आल्या होत्या, त्यांना ग्रीनलंडी पिल्लू हवं होतं. त्यांनी त्याची ती परीक्षा आधीच कुणाकडून तरी ऐकली होती. "पाठीवर बर्फ कोरडा राहिला की कुत्रा ठीक, असंच ना?"

"बर्फ कोरडा राहायला कारणं दोन असतात, बाई," ओत्तार म्हणाला. "खिडकीतून बघू नका. बाहेर जा. हातमोजा काढा आणि पाठीत हात घाला. रोज."

तो स्वतः रोज घालतो. तिन्ही ग्रीनलंडी, दोन कोटांचे, उणे चाळीसला घोरणारे, सकाळी सकाळी त्याचा गार हात पोटाला लागला की वैतागून गुरगुरतात. ते गुरगुरेपर्यंत तो हात काढत नाही.

रविवारी तो कबरीवर जातो. दगडावरचा बर्फ झाडतो आणि योर्दिसला खोऱ्यातल्या बातम्या सांगतो. तोरुनला बढती मिळाली, आग्नारचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बिर्गरचा प्रिक चौदा वर्षांचा झाला आणि अजून मोजे घालून फिरतो. सगळं सांगतो. बोलता बोलता मध्येच शांत झालं की तो घाबरतो, आणि काहीतरी दुसरं घाईघाईने सांगायला लागतो, तिने तुस्साचं विचारायच्या आत.